आठ महिने नसणारं फूल
(माण तालुक्यातील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी ऐन उन्हाळ्यात भाषणं ऐकायची चाल पडली. त्या चालीचा आज मला फायदा होतो आहे. फुलझाडांवर बोलायला लोक सहसा श्रावणात बोलावतात. चहूकडे हिरवं असतं, श्रोत्यांना विषय पटतो, पण करायचं काही उरलेलं नसतं. मी ज्या फुलाबद्दल बोलणार आहे, त्याची तयारी वैशाखातच करावी लागते. तुमचं अंगण आत्ता तव्यासारखं तापलं आहे ना? मग वेळ अगदी बरोबर आहे.

आपल्या जिल्ह्याची गंमत बघा. पश्चिमेला कासचं पठार आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंच, पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासही आलं. तिथून इथे माणमधल्या दहिवडीला यायला शंभर किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. आणि इथे पाऊस पाचशेच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. मृग कोरडा जातो, आर्द्रात नुसता वारा सुटतो, आणि खरा पाऊस पडतो तो उत्तरा-हस्तात, परतीच्या वाटेवर. तेव्हा कासला जाऊन आलेला इथला माणूस मला हटकून विचारतो, “सर, यातलं काही आमच्या दारात येईल का?”

याचं अर्धं उत्तर ‘नाही’ असं आहे, ते आधी देऊन टाकतो. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही मंडळी कासच्या जांभ्या खडकावरच्या चिमूटभर मातीत वाढतात. ती माती पाण्याने सतत ओथंबलेली आणि अन्नाच्या बाबतीत इतकी दरिद्री, की त्यातल्या काही वनस्पती किडे पकडून आपली गरज भागवतात. तुम्ही त्यांना प्रेमाने शेणखत घालाल आणि त्यातच ती मरतील. शिवाय तिथून रोप उपटून आणणं हा त्या पठारावरचा अन्याय आहे. ते फूल तिथे जाऊन पाहावं आणि तिथेच ठेवावं.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे तेरडा. हा आपला साधा, गुलाबी-जांभळा, एकेरी पाकळ्यांचा रानतेरडा. तो घाटात उतारावर, रस्त्याच्या कडेच्या दरडीवर माजतो, आणि थोडी सोय केली तर माणदेशातल्या अंगणातही येतो. त्याच्या कुळात जगभर हजाराच्या वर जाती आहेत, भारतातच दोनशेहून जास्त. कासवरही त्याची भावंडं आहेत. पण अंगणात यायला राजी असलेला आणि तुमच्या-माझ्या घरात आधीपासूनच मान असलेला हाच एक.

आता कुणी म्हणेल, तेरडा तर पाण्याचा लोभी. देठ दाबला तर बोटाला पाणी लागतं. उन्हाची तिरीप आली की मान टाकतो. दुष्काळी मुलखात हे लाड कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि माझं आजचं सगळं बोलणं त्याच्या उत्तरासाठी आहे.

कोरड्या प्रदेशात वनस्पतींच्या जगण्याच्या दोन ठळक तऱ्हा आहेत. निवडुंग पाणी साठवतो. बाभूळ मुळं खोल धाडते आणि पानं बारीक ठेवते. हे दोघं दुष्काळाशी झुंजतात, ही एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा वर्षायू वनस्पतींची. त्या झुंजतच नाहीत. दुष्काळ येतो तेव्हा त्या हजरच नसतात. चार महिन्यांत रुजायचं, वाढायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि निघून जायचं. उरलेले आठ महिने त्या फक्त बी म्हणून मातीत असतात, आणि कोरड्या बियाला पाणी लागत नाही. म्हणून जगातल्या भल्याभल्या वाळवंटांत पावसानंतर जी फुलं दिसतात, ती बघायला अतिशय नाजूक असतात. पाण्याच्या काळातच जगायचं म्हटल्यावर त्यांना जाड साल, काटे, मेणचट पानं यांवर खर्च करायचं कारणच नसतं.

फ्रिट्झ वेन्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या अशा बियांचा अभ्यास केला. शिंतोडे पडले म्हणून ती रुजत नाहीत. चांगला झोडपणारा पाऊस होऊन बियांमधली रुजणं रोखणारी द्रव्यं धुऊन गेली, की मगच अंकुर फुटतो. पुढे १९६६ साली डॅन कोहेन यांनी गणिताने दाखवलं, की जिथे पावसाचा नेम नाही तिथे सगळं बी एकाच वर्षी रुजणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. काही बी मागे ठेवणारी जात टिकते. हे गणित तुम्हाला नवं वाटणार नाही. पहिल्या पावसाला भुलून सगळं बियाणं रानात घालणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. जाणता शेतकरी वापसा बघतो आणि कणगीत थोडं राखून ठेवतो. वाळवंटातलं बीसुद्धा तेच करतं.

तेरडा मात्र या बाबतीत थोडा उतावळा आहे. तो मूळचा भरवशाच्या पावसाचा. ओल आणि ऊब मिळाली की त्याचं पुष्कळसं बी एकदम उठतं. वळवाच्या सरीलाही फसतं आणि मेच्या उन्हात जळून जातं. इथल्या अंगणात तेरडा टिकवायचा तर तो जो हिशेब करत नाही, तो आपण करायचा. आपलं काम एवढंच, आणि ते झारीने पाणी घालण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं.

हा हिशेब सांगण्याआधी झाडाची ओळख जवळून करून घेऊ. बहुतेकांनी तेरडा गौरीच्या सुपात पाहिलेला असतो, निरखलेला नसतो.

रोप वीतभर ते हातभर उंच. खोड मांसल आणि इतकं पाणीदार, की उजेडासमोर धरलं तर आरपार असल्याचा भास होतो. पेरांशी ते फुगलेलं असतं. पानं लांबट, कडांना बारीक दाते. पानाचा देठ भिंगाखाली धरा. त्याच्या दोन्ही कडांना लहान लहान ग्रंथी दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो, म्हणून फूल यायच्या आधीपासूनच रोपावर मुंग्यांची ये-जा चालू असते. त्यांना बघून फवारा मारायला धावू नका. त्या रोपाचं काही खात नाहीत.

फुलं पानांच्या बगलेत, थोडी पानाआड. पाकळ्या पाच, वरची एक सुटी, बाजूच्या चार दोन-दोनच्या जोडीने जुळलेल्या. मागे एक खोलगट निदल असतं आणि त्याची शेपटी बारीक, वाकडी नळी होऊन खाली वळते. मध तिथे, नळीच्या टोकाला. त्यामुळे लांब सोंडेचा पाहुणाच तिथवर पोचतो. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला फुलांपाशी बसलात तर पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी हवेत तरंगत येते, क्षणभर डोकं आत घालते आणि दुसऱ्या फुलाकडे जाते. तिच्या पाठीवर पराग लागलेले असतात. फुलात आधी पुंकेसर पिकतात. त्यांची जुळून एक टोपी झालेली असते, ती स्त्रीकेसराला झाकून टाकते. टोपी गळून पडली की खालचं स्त्रीकेसर उघडं होतं. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. तेरड्याच्या रंगाला तीन दिवसांचा म्हणून आपण नावं ठेवतो. तेवढ्या दिवसांत ते फूल दोन्ही कामं उरकून मोकळं होतं.

नाजूकपणाबद्दल एक गोष्ट सांगतो. जोसेफ डाल्टन हूकर हे ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा सात खंडांचा ग्रंथ सिद्ध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ. १९११ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी ते वारले. अखेरची वर्षं त्यांनी तेरड्याच्या कुळावर खर्ची घातली. हे काम भल्याभल्यांचा घाम काढतं. हे फूल कागदात दाबून वाळवलं की त्याचा लगदा होतो, पाकळी कुठली आणि निदल कुठलं हे कळत नाही. या कुळाला हर्बेरियमच्या कपाटात मान नाही. ते ओळखायचं तर जिवंत असतानाच बघावं लागतं. घरी लावण्याचं हेही एक कारण.

आता लागवड. यातला सगळ्यांत मोठा निर्णय जागेचा. घराची पूर्वेची बाजू निवडा. सकाळचं कोवळं ऊन मिळतं, दुपारनंतर भिंतीची सावली पडते. आणि दुसरा फायदा आपल्या भागात त्याहून मोठा आहे. जून-जुलैत इथे पाऊस नसला तरी पश्चिमेचा वारा असतो, आणि पाणीदार खोडाच्या रोपाचं पाणी तो वाराच शोषून नेतो. पूर्वेच्या रोपांना घर आडोसा देतं. पूर्वेला जागा नसेल तर वाऱ्याच्या बाजूला तुरीची किंवा ज्वारीची दाट ओळ धरा, नाहीतर हिरवी शेडनेट ताणा.

माती. आपल्याकडे दोन टोकं आहेत. काळी असेल तर ती पाणी धरून बसते आणि तेरड्याची मुळं कुजतात. मुरमाड असेल तर तासाभरात कोरडी. दोन घमेली पोयटा, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, एक घमेलं बारीक मुरूम किंवा वाळू, हे मिश्रण चालतं. काळ्या रानात वीतभर उंच गादीवाफा करा, म्हणजे पाणी साचणार नाही. खत कच्चं नको. जास्तही नको, पानं माजतात, फुलं रुसतात. हे काम या महिन्यातच करून ठेवा आणि वाफा उन्हात तापू द्या.

पेरणीचा दिवस पंचांगावरून काढा. बी रुजायला आठवडा-दोन आठवडे, आणि पेरल्यापासून फूल यायला साधारण दोन महिने. गौरी कधी ऑगस्टअखेर येतात, कधी अधिक महिन्यामुळे सप्टेंबरच्या मध्यावर जातात. त्या तारखेतून सत्तर दिवस मागे मोजा. ऑगस्टअखेर गौरी असतील तर जूनचा तिसरा आठवडा, सप्टेंबरच्या मध्यावर असतील तर जुलैचा पहिला. तोवर पाऊस झाला नसेल तर थोडी रोपं कुंडीत करून घ्या आणि पाऊस झाल्यावर वाफ्यात लावा. लावताना मुळाभोवतीची माती सुटू देऊ नका, आणि काम संध्याकाळी करा.

बियांचे तीन वाटे करा. पहिला वाटा जमीन चांगली भिजून वापसा आल्यावर. दुसरा पंधरा दिवसांनी. तिसरा डब्यात, पुढच्या वर्षासाठी, काही झालं तरी हात लावायचा नाही. बी अर्धा सेंटीमीटरहून खोल घालू नका. वर नुसती माती भुरभुरवली तरी पुरे. रोपं चार पानांवर आली की विरळणी करा आणि दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. दाटी झाली तर हवा खेळत नाही आणि कोवळी रोपं बुंध्याशी कुजून आडवी पडतात.

आणि आता पाणी. कोरड्या भागात तेरडा बहुधा जास्त पाण्याने मरतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. दुपारी रोप मान टाकतं. बघणाऱ्याचा जीव कळवळतो, तो बादली ओततो. संध्याकाळी रोप ताठ होतं, ओतणाऱ्याला वाटतं आपण वाचवलं. ते तसंही ताठ होणारच होतं. दुपारी पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं तेवढ्या वेळात देऊ शकत नाहीत, म्हणून ते कोमेजतं. मातीत ओल असूनही. परीक्षा सकाळी सातला घ्या. सकाळीही मान खाली असेल तर पाणी द्या. तेही बुंध्याशी, पानांवर नाही. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर छपरावरून पिंपात धरलेलं पावसाचं पाणी वापरा. कोवळ्या रोपांना तर तेच.

टँकरच्या गावात फुलाला पाणी घालायचं का, असं इथल्या आयाबाया विचारतील. विचारायलाच हवं. एक मीटर रुंद, दोन मीटर लांब वाफा घ्या. दहा लिटरची एक झारी त्यावर ओतली तर ती पाच मिलिमीटर पावसाइतकी होते. पावसाचा मोठा खंड पडला आणि अशा दहा-बारा झाऱ्या घालाव्या लागल्या, तर वर्षाचा खर्च शंभर-सव्वाशे लिटर. तोही भाजी धुतलेल्या पाण्यातून निघतो. तेवढ्याच जागेत हिरवळ लावली आणि पावसाळा सोडून आठ महिने रोज पाच मिलिमीटर पाणी दिलं, तर २४०० लिटर लागतात. त्या आठ महिन्यांत तेरड्याला किती लागतं? शून्य. तेव्हा लाडावलेलं झाड कुठलं ते तुम्हीच ठरवा. टँकर येतो तेव्हा तेरडा अंगणात नसतोच.

किडींचं थोडक्यात. ऑगस्टमध्ये एखाद्या सकाळी दिसेल की एका रोपाची पानं रातोरात साफ झाली आहेत. खाली वाकून बघा. बोटाएवढी काळी अळी असेल, दोन्ही अंगांना डोळ्यांसारखे रंगीत ठिपके, शेपटीला काटा. दिसते भयंकर, पण चावत नाही, डसत नाही. ती हॉकमॉथ पतंगाची अळी. तिला काडीने उचलून कडेच्या एका रोपावर ठेवा आणि ते रोप तिचं समजा. तोच पतंग रात्री फुलांवर येणार आहे. पाऊस सरताना पानांवर पांढरी भुरी येते, तिचीही चिंता नको. तोवर झाडाचं बी तयार झालेलं असतं.

आता गौरी. कोकणात, घाटमाथ्यावर कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर असते. रोपं मुळांसकट उपटून आणतात, कारण मुळं म्हणजे तिची पावलं. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. आपल्याकडे मुखवट्यांच्या गौरी जास्त, तरी कित्येक घरी पत्रीबरोबर तेरडा लागतोच. बाजारात येणाऱ्या त्या जुड्या बहुतेक घाटातून उपटून आणलेल्या असतात. जरा विचार करा. वर्षायू झाड ऐन फुलात असताना मुळासकट निघालं, तर त्याचं बी कधी पडणार? रानात तेरडा मुबलक आहे म्हणून आज हे खपून जातं. पण जवळच्या जवळ, रस्त्याकडेचा तोच उतार दर वर्षी ओरबाडला तर तिथला साठा खंगत जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. गौर दारात उगवलेली असेल तर हा प्रश्नच मिटतो. वाफ्यातली निम्मी रोपं गौरीला, निम्मी बियांना, असा घरात नियम करा.

बी धरणं हे पोरांना द्यायचं काम. बोंड लवदार, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं असतं. पिकत आलं की हिरवा रंग फिका पडतो. मग नुसता स्पर्श पुरतो. पाच शकलं झटक्यात आतल्या बाजूला गुंडाळली जातात आणि बी लांब फेकलं जातं. मुठीत धरून फोडा, म्हणजे तळहाताला तो झटका कळतो आणि गोल तपकिरी बी हातातच राहतं. किंवा बोंडांवर मलमलीची पुरचुंडी बांधून ठेवा. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, वर वर्ष लिहा.

कार्तिकात वाफा रिकामा होतो आणि मग खरी कसोटी लागते. आपल्याला मोकळी जमीन बघवत नाही. कुणी खराट्याने लख्ख झाडतं. तेरड्याचं बी वरच्या बोटभर मातीत असतं, ते कचऱ्याबरोबर उकिरड्यावर जातं. कुणी तिथे उन्हाळी भाजी लावून पाणी देतं. बी फसतं, मार्चमध्ये उगवतं आणि एप्रिलमध्ये संपतं. कुणी पेव्हर ब्लॉक बसवतं, मग विषयच संपला. त्या वाफ्याभोवती चार दगड मांडा, हवं तर पाटी लावा, पण तो खणू नका, भिजवू नका, झाडू नका. कोरड्या मुलखात बाग करायची तर वर्षातला बराच काळ काही न करण्याची सवय लावून घ्यावी लागते, आणि उद्योगी माणसाला तीच सगळ्यांत जड जाते.

शेवटची विनंती बियाण्याबद्दल. रोपवाटिकेत दुहेरी पाकळ्यांचे, झुपकेदार तेरडे मिळतात. ते सुंदर आहेत, पण ते रानतेरड्याशेजारी लावू नका. माश्या दोघांचे पराग एकत्र करतात आणि दोन-चार पिढ्यांत रानातलं रूप हातचं जातं. बी आणायचं ते घाटात राहणाऱ्या पाहुण्यांकडून, त्यांच्या परसातलं, मूठभर. आणि दर वर्षी पुढचं बी धरताना सगळ्यांत मोठ्या फुलाच्या रोपाला भुलू नका. जे रोप खंडातून तगलं, वाऱ्यात उभं राहिलं आणि तरी फुललं, त्याचं बी ठेवा. वर्षायू झाडाची पिढी एका वर्षाची असते. आंब्याच्या बाबतीत जे नातवंडांना बघायला मिळेल, ते इथे तुम्हाला स्वतःला बघायला मिळतं. अशी निवड नेटाने करत राहिलात, तर घाटातून पाहुणा म्हणून आलेला तेरडा माणदेशाचा वाण होत जाईल. तो कुठल्या दुकानात मिळणार नाही. तो शेजारणीकडून पाकिटातून मागून आणावा लागेल, आणि तिनेही तो तुमच्याकडून तसाच न्यावा.